तुंगार्लीचा पियानो कोण लावत होतं

तरुणपणी मी एकदा पियानो तंबोऱ्यासारखा लावला होता. हे वाचून ज्यांना हसू आलं ते जाणकार. बाकीच्यांनी जरा दम धरा, सांगते.

त्याआधी एक गोष्ट. या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचते... पांढऱ्या साडीतली बाई, मागे वळून न बघणं, घाटातला लिफ्ट मागणारा माणूस. मजा येते. विश्वास मात्र बिस्किटाएवढाही बसत नाही. माझं सगळं आयुष्य कानांवर चाललं. ऐकू येतं ते आहे, ऐकू येत नाही ते नाही — एवढंच माझं तत्त्वज्ञान. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते माझं मलाच गैरसोयीचं आहे.

तर मूर्खपणा. आमचं घर तळेगावला, घोरावाडी स्टेशनच्या अलीकडे. मी गाणं शिकत होते आणि गुरुबाईंचे तंबोरे मीच लावायचे. कान तयार, तोंड त्याहून तयार. स्टेशनजवळ एक सर राहायचे. पेट्या दुरुस्त करायचे आणि लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतले, शाळांतले पियानो लावायचे. आमची पेटी दुरुस्तीला टाकायला म्हणून गेले ती त्यांची शिष्यच होऊन बसले. घरच्यांना वाटायचं, पोरगी पिशवीत तारांच्या खुंट्या पिळायची किल्ली घेऊन काय परक्या बंगल्यांत फिरते. आणि मला वाटायचं, माझ्यासारखी मीच.

पियानो कानाने लावायची रीत अशी. बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. बाजूच्या दोन तारांना फेल्टचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा तुकडा खुपसून गप्प करायचं, मधली एकटी बोलती ठेवायची. शाळेत विज्ञानाच्या टेबलावर असतो तो नादकाटा गुडघ्यावर आपटून 'ए' हा इंग्रजी सूर मिळवायचा. मग 'ए'वरून त्याचा पंचम, त्या पंचमावरून पुढचा पंचम, असं करत सगळे सूर फिरून पुन्हा 'ए'ला येऊन मिळायचं. दोन सूर जुळत आले की आवाजात एक लाट ऐकू येते... वांव... वांव... वांव. खुंटी फिरवावी तशी ती मंदावते, आणि थांबली की सूर शुद्ध. तंबोऱ्याला आपण तिथेच थांबतो आणि डोळे मिटतो. पियानोला मात्र तिथून इवलंसं मागे यायचं. प्रत्येक पंचम केसभर अपुरा ठेवायचा, लाट अगदी संथ चालू ठेवायची. सगळेच शुद्ध ठेवले तर फेरा पुरा होत नाही. उरलेला सगळा बेसूरपणा शेवटच्या जोडीच्या डोक्यावर येऊन बसतो.

सरांनी हे सगळं समजावलं होतं. मी मनात म्हटलं, यांना शुद्ध पंचमाची काय चव. सर तापाने पडले तेव्हा लोणावळ्याला तुंगार्लीच्या चढावरच्या एका बंगल्यात मी पहिल्यांदा एकटी गेले आणि सगळे पंचम असे काही शुद्ध लावले की माझेच डोळे भरून आले. संध्याकाळी पाहुणे जमले, मालकीणबाई वाजवायला बसल्या, आणि त्यांच्या बोटांखाली शेवटचे 'डी' आणि 'ए' एकदम आले. पियानो असा केकाटला, जणू मांजराच्या शेपटीवर पाय पडला. दुसऱ्या दिवशी सर अंगात ताप घेऊन आले आणि सगळं नीट करून गेले. आमच्या बाईसाहेब, म्हणजे मी, मात्र बाहेर पायरीवर नाक फुगवून बसलेल्या, अजूनही आपलंच बरोबर या समजुतीत. त्या बंगल्यात मला पुन्हा कोणी बोलावलं नाही, हे वेगळं सांगायला नको. नंतर शिकले म्हणा. लोणावळ्यात पियानो बिघडला की लोक माझं नाव घ्यायचे, अजून घेतात.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या कानातून वरचे सूर हळूहळू चाललेत. मुलगा म्हणाला, आता पुरे झालं. सून अश्विनी, हिंजवडीत नोकरी आणि जीभ थेट माझ्या तोडीची, ती म्हणाली की फोनवर सूर मोजायचं अ‍ॅप मिळतं आणि अ‍ॅपला म्हातारपण येत नाही. मला राग आला. मी म्हटलं, पुढचा पियानो नुसत्या कानाने लावीन, मग तुझ्या अ‍ॅपने खुशाल तपास. चुकले तर किल्ली खिळ्याला अडकवीन, पुन्हा हात लावणार नाही.

बोलून बसले खरी, पण मग वाटलं: किल्ली गेली तर मी उरणार कोण... कुणाची तरी सासू?

आणि पुढचं बोलावणं आलं ते नेमकं तुंगार्लीच्या त्याच बंगल्यातून. मालकीणबाई कधीच गेल्या. घर कित्येक पावसाळे बंद. त्यांच्या मुलाने परदेशातून फोन केला होता: बंगला विकलाय, पियानोचे फोटो पाहून मुंबईच्या एका कारागिराने भंगार म्हणून सांगितलंय, तुमच्याच्याने लागला तर एका शाळेला देऊन टाकतो.

गणपती गेल्यावर अश्विनी आणि मी गाडीने गेलो. बंगला सांभाळायला हौसाबाई, मूळच्या टाकवे बुद्रुकच्या. पन्नाशीच्या असतील, मागच्या खोलीत राहतात. त्यांनी कुलूप काढलं. आत सोफ्यावर हिरवी बुरशी, पडद्यांना कुबट वास. लोणावळ्याच्या दमटपणात बंद पडलेल्या पियानोचं काय होतं ते मी आयुष्यभर पाहत आले आहे. लाकूड फुगतं, तारा गंजतात, आणि प्रत्येक तार आपापल्या मर्जीने चढते किंवा उतरते.

झाकण उघडलं. नादकाटा आपटला, 'ए' दाबला. लाट नाही. एखादी तार टिकते, म्हटलं. फेल्ट खुपसून 'ए' आणि 'ई' दाबले. लाट नाही. पुढचा पंचम... लाट नाही. त्याच्या पुढचा... नाही.

इतक्या पावसाळ्यांनंतर सूर जागेवर राहणं शक्यच नाही. म्हणजे लाट आहे, मलाच ऐकू येत नाही. कान गेले. अश्विनी मागे उभी होती, मी मान वळवली नाही. एकेक पंचम दाबत गेले, लाट कुठेच नाही. अशी करत शेवटच्या जोडीवर आले. 'डी' आणि 'ए'.

पियानो केकाटला.

तो आवाज मी कुठेही ओळखेन. नादकाट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवून, म्हणजे सूर हाडातून थेट आत जातो, पुन्हा 'ए' मिळवला, पुन्हा सगळं फिरून पाहिलं. कान शाबूत होते. पंचम खरोखरच शुद्ध होते, एक सोडून सगळे. पायरीवर नाक फुगवून बसलेल्या त्या पोरीने लावले होते, अगदी तसेच.

अश्विनीला म्हटलं, काढ तुझं अ‍ॅप. पंचमांच्या क्रमाने ती एकेक पट्टी दाबत गेली. प्रत्येक सूर अ‍ॅपच्या मापाहून वर, आणि मागच्यापेक्षा तेवढाच आणखी वर, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. तिसऱ्या-चौथ्या पट्टीनंतर तिची टवाळी बंद झाली. "आई," ती हळूच म्हणाली, "हे कोणीतरी मुद्दाम लावलंय."

मी टॉर्च मारून खुंट्या पाहिल्या. किल्ली बसली की खुंटीच्या कोपऱ्यांवरचा गंज झडतो. इथे एकाही खुंटीवरचा गंज हललेला नव्हता.

मग मी काय केलं? पदर खोचला आणि कामाला लागले. भुताचं असो नाहीतर हवेचं, बेसूर ते बेसूर. एकेक पंचम शुद्ध जागेवरून केसभर खाली आणला, लाट संथ चालू केली, खुंटी किल्लीखाली नीट बसवली. त्या भंगार म्हटलेल्या लाकडात खुंट्या अशा घट्ट होत्या की माझं मनगट दुखून आलं. फेरा पुरा झाला, 'डी' आणि 'ए' एकत्र दाबले... संथ, सभ्य लाट. मग बाजूच्या तारा मधलीला मिळवल्या, खालची-वरची सप्तकं लावली. उन्हं कलेपर्यंत काम चाललं. अश्विनीने अ‍ॅप लावून टोकापासून टोकापर्यंत तपासलं, फोन पर्समध्ये टाकला आणि माझं मनगट चोळायला घेतलं. ज्यांना सून आहे त्यांना या पदकाची किंमत कळेल.

चहा हौसाबाईंनी आणला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, इथे मध्ये कोणी पियानो लावायला आलं होतं का. त्या म्हणाल्या, व्हय की, साहेबांनी धाडलेली पोरगी यायची ना पावसाळ्यात. कधी पाहिली? पाहिली नव्हती. दुपारची भांडी घासताना आतून दोन-दोन सूर ऐकू यायचे, पुन्हा पुन्हा, मी आज दाबत होते तसेच. सोबत गुणगुणणं. पुढे येऊन बघावं तर दाराला कुलूप. मग वाटायचं, पोरीकडं दुसरी चावी असंल, मागच्या दारानं गेली असंल. भीती नाही वाटली? "पोरीच्या आवाजाला काय भ्यायचं?"

मी विचारलं, काय गुणगुणायची. हौसाबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणून दाखवलं. सा, मग पंचम, आणि पंचमाला वर घेताना एक बारीकसा हिसका.

किल्ली फिरवताना मी तशीच गुणगुणायचे. सरांनी रागावून रागावून ती सवय मोडली होती. अश्विनीला हे माहीत असण्याचं कारण नाही, हौसाबाईंना तर नाहीच.

यावर खूप डोकं चालवलं. अश्विनी दमट हवा, लाकडाची स्मरणशक्ती असं काहीतरी इंटरनेटवर शोधत बसते. पण हवेला पंचम कळत नाहीत, आणि तेही इतके सगळे. भूत म्हणावं तर त्यासाठी आधी मरावं लागतं, आणि मी तर समोर बसून चहा पीत होते. उत्तर मिळालेलं नाही. मिळेलसं वाटत नाही. पियानो शाळेत गेलाय, नीट वाजतोय, आणि किल्ली माझ्या पिशवीत आहे.

निघताना मी हौसाबाईंना मुद्दाम पियानोवर थोडं वाजवून दाखवलं. ती पोरगी कोण असावी, याबद्दल मी त्यांच्याकडे चकार शब्द काढला नव्हता. त्या दाराला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या,

"ती पोरगी सूर लय आवळायची वं मावशी. तुमी वाईच ढील देता, म्हून ग्वाड लागतंय."