जयवंतरावांचा पूर्वपक्ष

विक्रोळीतल्या त्या चार मजली इमारतीत लिफ्ट नव्हती, पण जयवंत परब होते. वर पोचायला दोहोंचा उपयोग सारखाच.

कॉलेजात त्यांना वादविवादात एक कप मिळाला होता. तो कप त्यांची बायको नलिनी दर दिवाळीला घासून लख्ख करायची, आणि त्याच कपापायी लग्नापासून तिला एकही भांडण जिंकता आलं नव्हतं. नाश्त्याला पोहे की उपमा, यातसुद्धा जयवंतराव आधी दावा मांडत, मग पुरावे देत, मग समोरच्याचं म्हणणं स्वतःच मांडून त्याचं खंडन करत. तोवर पोहे गार. "समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्यापेक्षा झकास मांडता आला पाहिजे," हे ते इमारतीतल्या पोरांनाही फुकट शिकवत. एकाही पोराचा स्पर्धेत नंबर आला नाही, हा अर्थातच परीक्षकांचा दोष.

गणपतीत मात्र त्यांना तोड नव्हती. इमारतीत बहुतेक बिऱ्हाडं मालवणकडची. देवाला गाऱ्हाणं घालावं तर जयवंतरावांनीच. त्यांनी हात जोडून देवापुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला साऱ्यांनी "व्हय महाराजा!" म्हणायचं. प्रतिवाद न करणारा श्रोता त्यांना तेवढाच मिळे.

नलिनीचे गुडघे गेले, चौथा मजला डोंगर झाला, आणि ती बाजार, देऊळ, बहिणीचं घर सगळं खिडकीतूनच बघू लागली. तिला फार कोंडल्यासारखं होई. म्हणून लिफ्टचा ठराव सभेत आला, तेव्हा ती कठड्याला धरत कशीबशी खाली उतरली. तिच्या बाजूने बोलणारा वक्ता घरचाच होता. तिला तीच तर धास्ती होती.

सभा तळमजल्याच्या हॉलमध्ये, भिंतीवर गावच्या रवळनाथाचा फोटो. अध्यक्ष मधुकर सावंत, राहायला तळमजल्यावर, लिफ्टच्या नावानेच तोंड वाकडं करणारे. जयवंतराव उठले. सवयीने फोटोकडे वळले, सवयीने हात जुळले, आणि शिकवल्याप्रमाणे पूर्वपक्षापासून सुरुवात झाली.

"बा देवा रवळनाथा! लिफ्ट इली तर तळमजल्यावाल्यांच्या खिडकेतलो उजेड जातलो, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" हॉल गरजला. लोकांचे हात आपोआप जुळले होते.

"पोरांक खेळाक अंगण रवाचा नाय, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

नलिनीने त्यांचा सदरा ओढला. पण एवढी दाद मिळताना थांबेल तो वक्ता कसला? इमारत जुनी, पाया कच्चा, आवाज मोठा; मधुकररावांना जन्मात सुचले नसते असे मुद्दे त्यांनी मधुकररावांना बहाल केले. मग ते खंडनासाठी श्वास घ्यायला थांबले.

तेवढ्यात मधुकरराव म्हणाले, "म्हणजे लिफ्ट नको. एकमताने."

"अहो, हा पूर्वपक्ष होता!"

"असेल. पण देवासमोर सगळ्यांनी व्हय म्हटलंय. आता फिरवणार कोण?"

तिसऱ्या मजल्यावरच्या चेतनाने मधुकररावांना "असं काय करता, काका?" असं म्हणून पाहिलं. बाकीच्यांनी फोटोकडे बघून माना खाली घातल्या. रवळनाथाला दिलेला शब्द परत घ्यायची कोणाची छाती नव्हती. वडे आले आणि सभा संपली.

दुसऱ्या मजल्यावर नलिनी पायरीवरच बसली. जयवंतराव एक पायरी खाली उभे.

"खंडन तयार होता गो माझा," ते म्हणाले. "कोणी ऐकूकच नाय."

"माका सांगा."

त्यांनी घसा खाकरला. पुरावे, दाखले, काहीच आठवेना.

"माझ्या बायकोक जिनो चढूक जमणा नाय," ते म्हणाले.

"आणि?"

"एवढाच."

"मगे ह्या पयला बोलाक काय झाला होता?"

जयवंतरावांनी हात पुढे केला.

"व्हय महाराजा," म्हणत नलिनीने तो धरला. अजून दोन मजले होते.