हरिसाधनची बादली

“मासा मोजायचा असेल तर माणसं बोलावू नका.” हरिसाधन बेरा हे वाक्य तीस वर्षं म्हणत आला होता, आणि म्हणताना त्याच्या हातात बादली असायची. कालव्याकाठच्या त्या गावात लग्न कुणाचंही असो, पंगतीत मासा वाढायचा तो हरिसाधनने. एरवी दिवसभर दुसऱ्याच्या पानमळ्यात वेली बांधणारा हा काटकुळा माणूस पंगतीत शिरला की राजा व्हायचा. कुणी पानावर हात आडवा धरला तर त्या हाताच्या कडेने तुकडा सरकवायचा. मागे उभे असलेले यजमान डोळे वटारायचे. हरिसाधनला ते कधी दिसले नाहीत.

आता त्याच्याच मुलाचं, तापसचं लग्न झालं होतं. बुधवारी बौभात, म्हणजे नवी सून घरात आल्यावर गावाला आणि तिच्या माहेरच्यांना द्यायचं जेवण. हरिसाधन आणि त्याची विधवा थोरली बहीण शैलबाला ओसरीवर बसून यादीतली एकेक गोष्ट खोडत होती. जेवण दुपारी ठेवायचं, म्हणजे दिवे नकोत, जनरेटर नको. शाळेला सुट्टी, तेव्हा मांडव शाळेच्या आंब्याखाली आणि बसायला शाळेच्याच चटया. झेंडू शेजारणीच्या शेतातला, विडे मळ्याच्या मालकाकडून. मटणावर मात्र हरिसाधनचा हात थांबला. मटणाशिवाय बौभात म्हणजे श्राद्धच, असा तापसच्या मामाचा निरोप होता. शैलबाला म्हणाली, त्याला म्हणावं बोकड घेऊन ये, शिजवायला आम्ही आहोत. आणि तिने स्वतःच मटणावर काट मारली.

राहिला मासा. त्याच्यावर काट मारायचा प्रश्नच नव्हता, आणि हरिसाधनला घोर लागला होता तो त्याचाच. एक पान जरी माशावाचून राहिलं तर तीस वर्षांचं ते वाक्य गावातली पोरंसोरं त्याला ऐकवणार होती. सुनेच्या वडिलांना त्याने विचारलं होतं, तुमची किती माणसं येतील. ते म्हणाले, “तीसेक.” शैलबाला म्हणाली पन्नास धर, मुलीचा बाप लाजून कमीच सांगतो. हरिसाधनला ते पटलं. पण पन्नास धरण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून त्याने तीसच धरले.

बुधवारी सकाळी तळ्यातून कातला मासे आले. आचारी विळी मांडून बसला आणि तुकडा केवढा हवा ते त्याने विचारलं. बटाटे सोलायला आलेले शेजारी माना वर करून बघू लागले. हरिसाधनने तळहात पुढे केला.

“दोन बोटं कमी करा,” आचारी हळूच म्हणाला. “तीस पानं वाढतील. रश्शात कुणाला कळतंय?”

“मला कळेल,” हरिसाधन म्हणाला.

बारा वाजता सुनेच्या माहेरची बस शाळेपाशी थांबली. हरिसाधन दारात हात जोडून उभा. आयुष्यात कधी माणसं न मोजलेला तो माणूस ओठ न हलवता मोजत होता. तीस झाले, बस रिकामी होईना. चाळीस झाले. चौपन्नावी एक म्हातारी पानाचा डबा सांभाळत उतरली, तेव्हा हरिसाधन सगळ्यांकडे बघून हसला.

यजमानाने बादली धरायची नसते. त्याने हात जोडून पंगतीतून फिरायचं असतं. म्हणून बादली गदाधर मायतीकडे होती. मागल्या वर्षी आपल्या मुलीच्या लग्नात हरिसाधनच्या पाठीमागे डोळे वटारून उभा होता, तोच हा गदाधर. पहिली पंगत वडीलधाऱ्यांची आणि माहेरच्यांची. नव्या सुनेने, झुंपाने, रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या भातावर तूप वाढलं. मग मासा आला. माहेरची माणसं पोटभर जेवली, आणि हरिसाधन हसत हसत “आणखी घ्या” म्हणत राहिला.

दुसरी पंगत गावाची. अजून बाहेरगावच्या पाहुण्यांची तिसरी बसायची होती. गदाधर जवळ आला आणि त्याने बादली कलती करून तळाशी उरलेले तुकडे दाखवले.

“हरी,” तो म्हणाला, “मोजू का?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. हरिसाधनने आंब्याकडे पाहिलं, चटयांकडे पाहिलं.

“मोज,” तो म्हणाला.

पंगतीच्या टोकाला निताई घोडई बसला होता, गावातला सगळ्यात मोठा खाणारा. त्याने पानावर आडवा हात धरला.

“मला नको. माझा मंगळवार आहे.”

“आज बुधवार आहे, निताई.”

“मग बुधवार आहे माझा. तू वाढताना कधी वार विचारला होतास, हरीदा?”

त्याच्या शेजारच्याची दाढ दुखत होती. त्याच्यापुढच्याला वैद्याने मासा बंद केला होता, आणि तोच माणूस काल बाजारात कोळंबी घेताना हरिसाधनला दिसला होता. सत्तर वर्षं मासा खाल्लेली एक आजी म्हणाली, मला बाई काट्यांची भीती वाटते. हरिसाधन हात जोडून एकेकापुढे थांबत गेला. बादली हिसकावून घ्यावी, या सगळ्यांच्या हातांच्या कडेने तुकडे सरकवावेत असं त्याला वाटत होतं. पण जोडलेले हात सुटेनात.

तिसरी पंगत उठली. एकही पाहुणा माशावाचून राहिला नाही. बस सुटताना सुनेचे वडील म्हणाले, एवढा तुकडा आमच्याकडे कुणी वाढत नाही.

शैलबालाने त्याच्यासाठी पान मांडलं. सकाळपासून त्याने पाणीही घेतलं नव्हतं. हरिसाधनने बादलीत डोकावून पाहिलं, तळाशी रस्सा होता आणि रश्शात तुकडे होते. त्याने वर शालवृक्षाच्या पानांची पत्रावळ झाकली, बादली उचलली आणि तो कालव्याच्या बांधाने निताईच्या घराच्या दिशेला चालू लागला.

“आत्या, बाबा न जेवता कुठे निघाले?” झुंपाने विचारलं. तिच्या बोटांना अजून तूप होतं.

“येईल,” शैलबाला म्हणाली. “पान झाकून ठेव.”

मांडवाच्या खांबाला टेकून गदाधर मायतीही बघत होता. झेंडूच्या शेतापाशी हरिसाधनने बादली या हातातून त्या हातात घेतली आणि तो निताईच्या अंगणाकडे वळला.