मंगळवारचा तबला

आमच्या घरी रविवार मंगळवारी येतो. भाजे गावात पर्यटकांना घरगुती जेवण देणाऱ्या बहुतेक घरांचं असंच आहे. शनिवार-रविवारी पाहुणे लेणी बघून खाली उतरतात आणि आमच्या अंगणात पिठलं-भाकरी खायला बसतात. सोमवार भांडी घासण्यात आणि सतरंज्या धुण्यात जातो. मंगळवारी आम्ही कुठे पाठ टेकतो.

माझी मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी हे मला पहिल्यांदा अडचणीचं वाटलं. तिला तबला शिकायचा होता आणि लोणावळ्यातला तबल्याचा वर्ग रविवारी सकाळी भरत होता.

तबल्याचं वेड तिला शाळेच्या स्नेहसंमेलनात लागलं. साथीला एक तबलजी बोलावले होते. ही कोळीनृत्यात होती, पण स्टेजच्या कडेला उभी राहून त्यांची बोटंच बघू लागली आणि नाच तिच्याशिवायच सुरू झाला. बाई रागावल्या. ही घरी येऊन म्हणाली, "आई, ते बोटांनी बोलतात."

मी स्वतः इंदुरी गावातल्या शाळेत शिकले. आमच्या वेळी छंद फक्त निबंधात असायचा. 'माझा आवडता छंद' या निबंधात मी दरवर्षी पोस्टाची तिकिटं जमवते असं लिहायचे. आमच्या घरी कधी पत्र येत नव्हतं. निबंध गाईडमधला होता, गुणही चांगले मिळायचे. आईवडिलांनी शेतातली कामं सांभाळून मला बी.कॉम.पर्यंत शिकवलं, आमच्या घरात तेवढं शिकलेली मी पहिली. त्यांनी काही कमी केलं असं मला कधीच वाटलं नाही. पण माझ्या मुलीने निबंधात खरा छंद लिहावा, हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

घरात विषय काढला तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या.

"शनवार-रईवार पोरगी बाहेर? आगं, ताटं कोन वाढनार?"

"आई, आठवड्यातून एकदाच जायचंय," मी म्हणाले.

"आन् पोरीनं तबला कशाला? पेटी शिकव की. बसून वाजवायची, डोक्यावर पदर घेऊन."

"आज्जी, तबला पण बसूनच वाजवतात," मुलगी म्हणाली.

सासूबाईंना हसू आलं. "लय बोलती. तुझ्या आईवर गेलीस."

माझा मुलगा दुसरीत होता. त्याला कराटे हवं होतं. दोन वर्ग आम्हाला झेपणारे नव्हते. घरात एक गाडी, आणि मुलांना नेऊन आणायला मोकळं असलेलं माणूस एकच, ते म्हणजे मी. यंदा एकच वर्ग, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं. ताईचा आधी, कारण ती मोठी. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

नवऱ्याने सरळ सांगितलं, "रविवारी तू नसलीस तर अंगण मला एकट्याला आवरणार नाही. आणि लोणावळ्याचा रस्ता रविवारी कसा तुंबतो, तुला ठाऊक आहे."

त्याचं खरं होतं. म्हणून मी रविवारवर भांडले नाही. मंगळवार मागायला गेले.

तबल्याचे सर रेल्वेतून निवृत्त झालेले, लोणावळा स्टेशनजवळ राहणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, सगळ्या जगाची मुलं रविवारी मोकळी असतात."

"आमची नसतात, सर. आमचा रविवार मंगळवारी असतो."

ते हसले. "एकटीसाठी वर्ग उघडणार नाही. मुलं एकमेकांचं ऐकून शिकतात. चार मुलं आणा, मंगळवारी संध्याकाळी बसतो. पुढच्या मंगळवारी चार दिसली नाहीत, तर पुन्हा विचारायचं नाही."

म्हणजे मुलीचा तबला आता आणखी तीन मुलांवर अवलंबून होता. परतताना लोकलने आमच्या मळवली स्टेशनला उतरले तेव्हा मनात एकच होतं, रविवारी राबणारं घर आपलं एकटंच थोडंच आहे?

स्टेशनबाहेरच्या ओळखीच्या रिक्षावाल्या भाऊंना तिथेच विचारलं.

"व्हय की वहिनी! रविवारी मी पाव्हण्यांच्या मागं आन् पोरगी मोबाईलच्या मागं. घ्या तिला. निदान आवाज तरी दुसरा येईल घरात."

तिसरा मिळाला बाजारातल्या चिक्कीच्या दुकानात. तिथल्या काउंटरवरच्या ताईंना मी चेहऱ्याने ओळखत होते. त्या चिक्कीची पाकिटं बांधत बांधतच म्हणाल्या, "माझ्या पोराने रविवार कधी पाहिलाच नाही हो. वर्ग मंगळवारी आहे ना? मग येईल. न येऊन जाईल कुठे!"

चौथ्यासाठी मात्र फार फिरले. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "माझीच सुट्टी कधी ते मला ठाऊक न्हाई, पोराची कुटनं सांगू?" दुसऱ्या एका घरी म्हणाले, आधी गणिताचा क्लास. तिसऱ्या घरी दारातूनच नकार. सोमवारी रात्री जेवायला बसलो तेव्हा तीनच मुलं झाली होती. मुलगी सगळं समजून होती. तिने भात अर्धाच खाल्ला.

मुलगाच बोलला. "चौथा मी आहे ना?"

"तुला तर कराटे हवंय."

"हवंय. पण मी बसेन. वाजवणार नाही."

"बघ हं, वर्षभर बसावं लागेल," नवरा म्हणाला.

"मग पुढच्या वर्षी कराटे. आज्जीसमोर कबूल करा."

सासूबाई म्हणाल्या, "केलं कबूल. आता जेव. सौदा करायला बापापेक्षा हुशार हाय."

मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही लोकल पकडली. सरांनी दारात चौघांना मोजलं आणि सतरंजी अंथरली. मुलगी तबल्यासमोर बसली, पण हात मांडीवरच ठेवून. सरांनी स्वतः तिचं बोट धरून किनारीवर टेकवलं. पहिला आवाज बोदा निघाला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिने पुन्हा मारलं.

मुलगा हाताची घडी घालून बसला होता. सर म्हणाले, "तू वाजवू नकोस. तू ताल धर. या ठिकाणी टाळी आणि या ठिकाणी खाली. खाली म्हणजे रिकामी मात्रा, तिथे टाळी नाही वाजवायची, हात नुसता हवेत बाजूला न्यायचा."

हे मात्र त्याला आवडलं. प्रत्येक खालीला तो हात असा सपकन फिरवायचा की शेजारचा चिक्कीवाल्या ताईंचा मुलगा मान मागे घ्यायचा.

"अरे, हवेने काय वाकडं केलंय तुझं?" सर म्हणाले. "पण जागा बरोबर आहे. चालू दे."

मुलगी हसली, पण बोटं थांबवली नाहीत.

परतीच्या गाडीत ती डब्याच्या पत्र्यावर बोटं वाजवत होती. मुलाने मला विचारलं, "पुढच्या मंगळवारी पण चार लागतील?"

"दर मंगळवारी लागतील."

"येईन. पण कराटेचं विसरायचं नाही."

मी विसरलेले नाही. लोणावळ्यात कराटेचे एक सर आहेत असं कळलंय, त्यांचाही वर्ग रविवारीच असतो. परवा जाऊन त्यांना मंगळवार मागणार आहे. त्यांना किती मुलं लागतील ते अजून माहीत नाही. पण घरं आता मला ठाऊक आहेत.