अर्धं भांडं पाणी

"आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे," मामा नेहमी म्हणायचा. कुणी विष घेतलेलं असो की गोळ्या, त्याचं पोट धुवायचं काम इस्पितळाच्या या वॉर्डात मामाचं; वॉर्डबॉय असला तरी सगळे त्याला मामाच म्हणत. तोंडातून रबरी नळी पोटात उतरवायची, नरसाळ्यातून मापाचं भांडंभर पाणी ओतायचं, नरसाळं खाली धरून ते बादलीत परत घ्यायचं. पाणी नितळ येईपर्यंत आणि मापं जुळेपर्यंत त्याचा हात थांबत नसे.

सव्वीस वर्षं झाली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांवर परक्या माणसांच्या दातांचे वण होते. घरी तो चमच्याने जेवायचा. कितीही साबण लावला तरी हाताला वास येतो, असं त्याला वाटे. बायको म्हणे, "वास हातात नाही, तुमच्या डोक्यात बसलाय."

त्याला हवं होतं धुलाईघर. तिथला मुकादम त्याचा जुना दोस्त. "ये इकडे," तो म्हणायचा, "चादरी चावत नाहीत." मामाने तीनदा अर्ज दिला. तीनदा सिस्टरने तो घडी घालून ड्रॉवरमध्ये सारला. "मामा, तुमच्यासारखा हात कुठून आणू?" कौतुकाचं दावं गळ्यात मऊच लागतं. निघायला गेलं की काचतं.

चौथा अर्ज त्याने थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. बदली मंजूर झाली. आज पाचच्या आत धुलाईघरात सही करायची, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

चार वाजता मामाने खिळ्यावरची पिशवी काढली. त्याच्या जागी आलेल्या आडदांड गड्याला सगळे पैलवान म्हणत. "बिनधास्त जा मामा," तो म्हणाला, "नळी तर घालायची!"

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात अजून मापाची टेप. थोरली जाऊ रडत सांगत होती, झोपेच्या गोळ्या, तासाभरापूर्वी. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. "अजून शुद्धीत आहे. लगेच धुवा."

मामा दारापर्यंत पोचला होता. मागून खोकला ऐकू आला, कोरडा, घुसमटलेला. त्याला तो खोकला ओळखीचा होता. नळी पोटाऐवजी श्वासाच्या वाटेला लागली होती.

"ओढ बाहेर! पाणी ओतू नकोस!"

पिशवी तिथेच पडली. मामाने बाईला डाव्या कुशीवर घेतलं, डोकं उतरतं केलं. "गिळ पोरी. माझं बोट चाव हवं तर, पण गिळ." नळी उतरली. डॉक्टरीणबाईंनी कानाला यंत्र लावून ती पोटातच असल्याची खात्री केली.

एक भांडं आत, एक बाहेर. पाणी पांढुरकं येत होतं, मग फिकं, मग नितळ. घड्याळात पाचला आठ मिनिटं होती.

"झालं की," सिस्टर म्हणाली. "पळा आता."

"सात गेली, साडेसहा आली." मामाने मान वर केली नाही. "अर्धं भांडं आत आहे."

"पैलवान बघेल."

पैलवान भिंतीला टेकला होता. दोन्ही हात त्याने पाठीमागे दडवले होते. मामाने एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि बाईला हळूच जरा पालथं वळवलं. नरसाळं जमिनीलगत धरलं. थेंब येत होते, थांबत होते. पुन्हा येत होते.

मापं जुळली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरने मामाच्या कानाला लावला.

"कुठे मेलास रे?" मुकादम म्हणाला. "साहेबांनी दुसऱ्याची सही घेतली."

"बरं," मामा म्हणाला.

सिस्टरच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याची एक रेघ उमटली. तिने ती पटकन पुसली, पण मामाला दिसायची ती दिसली. त्याने दारातली पिशवी उचलली, झटकली, त्याच खिळ्याला लावली. मग बादली घेऊन तो मोरीकडे निघाला, पाणी हिंदकळू नये म्हणून बेताबेताने पावलं टाकत.

खाटेच्या दांड्यांमधून शिवणवाली बाई त्याच्या पाठीकडे बघत होती, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत.