कौल लावून आलो

गुणाजी मांडवकर आमच्याच गावचा, राजापूरकडचा, आणि आमच्याच गँगमधला. गँग म्हणजे पाण्याच्या मोठ्या नळावर काम करणारी टोळी. मुलुंडकडून घाटकोपरकडे येणारा जो मोठा नळ आहे, त्याचा गंज खरवडायचा, डांबर मारायचं, सांधा गळू लागला तर ताग ठोकून वर शिसं ओतायचं. मी निवृत्त होईपर्यंत तेच केलं. माणूस कामाला कसा आहे, हे मी त्याच्या खरवडण्यावरून ओळखतो. बरेच जण नळाचं पोट सोडतात. तिथे पाठीवर झोपून, डोळ्यांत गंज घेत खरवडावं लागतं, आणि मुकादम काही वाकून बघत नाही. गुणाजी पोट खरवडायचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्यावर संशय घेतला, आणि तो घेतला ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं.

आम्ही घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहत होतो. गावच्या मंडळाची खोली होती. बायकामुलं गावी, आणि खोलीत आम्ही पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. कोपऱ्यात फळीवर ग्रामदेवाच्या नावाचा नारळ. मंडळाचे प्रमुख काशीरामबुवा गिरणीतून निवृत्त झालेले होते. खोलीत त्यांचा शब्द चालायचा. मंडळाने एखाद्याला बाहेर काढलं की त्याची ट्रंक गॅलरीत जायची. गोष्ट तेवढ्यावर थांबायची नाही. शिमग्याला गावी देवाची पालखी उठते, तिला खांदा द्यायचा मानही जायचा. मांडवकरांच्या घराला पुढच्या दांडीचा मान होता. तो गेला तर गावात बायकोमुलांना कोण विचारणार?

सत्तावन्न सालची लोकसभेची निवडणूक आली. मुंबई महाराष्ट्रात यायलाच हवी म्हणून सगळी टेकडी पेटलेली होती. मंडळाने ठरवून टाकलं होतं की आपली सगळी मतं संयुक्त महाराष्ट्र समितीला. आणि अशा वेळी जेवायला बसल्यावर गुणाजी म्हणाला, "मी उभा राहतोय."

"कशाक?" जयवंत म्हणाला. "बसून जेव की." जयवंत आमच्यातला टवाळ.

"निवडणुकीला."

"पतपेढीच्या?"

"लोकसभेच्या."

जयवंतने गुणाजीच्या कपाळाला हात लावून पाहिला. "अंग तर थंड आहे रे. मग झालं काय?"

गुणाजी हसला नाही. त्याने सांगितलं ते असं. मोठा नळ आमच्या टेकडीच्या पायथ्यातून जातो. आम्ही त्याला डांबर फासतो, आणि आमच्या बायका गावाहून आल्या की घागरी घेऊन खालच्या विहिरीवर भांडतात. टेकडीला नळ द्या म्हणून तो कचेरीत चकरा मारत होता. शेवटी एका कारकुनाने त्याला वाटेला लावण्यासाठी सांगितलं की नळ टाकायला बीड, म्हणजे ओतीव लोखंड लागतं, आणि लोखंडाचा परवाना दिल्लीहून येतो. दिल्लीत तुमच्यातर्फे कोण बोलणार? खासदार.

"म्हणून तू खासदार होणार?" मी विचारलं.

"दुसरा कोण जातोय आपल्या टेकडीसाठी दिल्लीला? तू जातोस, सहदेव?"

"अरे, मतं फुटतील ना," काशीरामबुवा म्हणाले. "समितीची मतं तू खाणार, आणि समोरचा हसत निवडून येणार. हे तुला कळत नाही?"

"कळतं. पण समिती काय, समोरचा काय, विहिरीवर कोण आला होता?"

मग बुवांनी शेवटचा प्रश्न विचारला. "देवाला विचारलंस?"

गुणाजी मार्गशीर्षात गावी जाऊन आला होता. ताटातला भात सारखा करत तो म्हणाला, "कौल लावून आलो."

झालं. तिथे बोलणं संपलं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीडावीकडे फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवाने होकार दिल्यावर मंडळ काय बोलणार? बुवांनी हात धुतले.

मला मात्र चैन पडेना. गुणाजीने नोकरीचा राजीनामा दिला होता. नोकरीत राहून उभं राहता येत नव्हतं. कायम नोकरी, गणवेश, म्हातारपणी फंड, हे सगळं एका कारकुनाच्या वाक्यावर कोणी सोडतं का? अनामत रक्कम फंडातून भरली म्हणाला. असेलही. पण कोणीतरी त्याला पुढचं काहीतरी कबूल केलं असणार, असं माझं मन सांगत होतं. नळावरच्या माणसाला एक सवय लागते. जमीन जिथे ओली दिसते तिथे आम्ही लगेच खणत नाही. पाणी नळाच्या कडेने वाहत जातं आणि भलतीकडे वर येतं. गुणाजीच्या बोलण्यात मला ओल दिसत होती. गळती कुठे आहे ते कळत नव्हतं.

त्याला निशाणी मिळाली शिडी. त्याने बांबूची खरीच शिडी आणली आणि ती खांद्यावर घेऊन प्रचाराला निघाला. विक्रोळी, भांडुप, मुलुंड, पायी. भोंगा नाही, गाडी नाही. नाक्यावर शिडी भिंतीला टेकवायची, दोन पायऱ्या चढायचं आणि नळाचं सांगायचं. मी एकदा मागे उभा राहून ऐकलं. भाषण वाईट होतं. पण शिडी तो स्वतः वाहत होता आणि रात्री त्याच्या खांद्याला तेल लागायचं, हे मी पाहिलं आहे.

मग ती जीप आली.

रविवार होता. नाक्यावर गर्दी. जीपवर भोंगा आणि दोन्ही बाजूंना शिडीची चित्रं. भोंगा ओरडत होता, "मराठी माणसाचा खरा उमेदवार! गुणाजी मांडवकर! शिडीला मत द्या!"

मी जयवंतकडे बघितलं. जयवंत म्हणाला, "वाट लागली. गुणग्याला जीप?"

तेवढ्यात मागच्या गल्लीतून गुणाजी शिडी घेऊन धावत आला. त्याने शिडी रस्त्यात आडवी टाकली आणि जीपपुढे उभा राहिला. "थांबव! भोंगा बंद कर! माझं नाव घेऊ नको!"

ड्रायव्हरने त्याच्या डांबरलेल्या पँटकडे बघितलं. "बाजूला हो रे. उमेदवाराची गाडी आहे."

"उमेदवार मी आहे!"

"आणि मी लाटसाहेब. हो बाजूला."

"कोणाची गाडी? कोणी पाठवली? बोल!"

गर्दी पोट धरून हसत होती. ड्रायव्हरने जीप मागे घेतली आणि कुर्ल्याच्या रस्त्याला लावली. भोंगा लांबपर्यंत गुणाजीचं नाव घेत गेला. गुणाजी शिडी उचलून तिच्यामागे धावला, आणि धावताना शिडी एका भजीवाल्याच्या कढईला लागता लागता राहिली.

"स्वतःचीच जीप अडवतो," काशीरामबुवा घरी येऊन म्हणाले. "चांगलं पढवलंय त्याला."

मलाही तसंच वाटलं. जीपला पेट्रोल लागतं, ड्रायव्हरला पगार लागतो. ते कोणीतरी देत होतं, आणि त्यात कोणाचा फायदा होता ते टेकडीवरचं पोरही सांगू शकलं असतं.

त्याच संध्याकाळी मंडळ बसलं. बुवांनी फळीवरचा नारळ खाली घेतला आणि चटईवर ठेवला.

"गुणाजी, ह्याच्यावर हात ठेव. म्हण, मी कोणाचं काही घेतलं नाही आणि देवापासून, मंडळापासून काही लपवलं नाही. एवढं म्हण. मग तू मुंबईभर शिडी फिरव, आम्ही एक शब्द काढणार नाही."

गुणाजी नारळाकडे बघत राहिला. "घेतलं काही नाही," तो म्हणाला.

"हात ठेवून म्हण."

"हात नको."

"का नको?"

"आत्ता नको, बुवा. मतदान होऊन जाऊ दे."

बुवांनी नारळ परत फळीवर ठेवला आणि म्हणाले, "ट्रंक बाहेर."

ट्रंक मी आणि जयवंतने उचलली. हलकी होती. गुणाजीने स्वतः वळकटी उचलली आणि गॅलरीत अंथरली. पालखीचं काय, हे कोणी त्याला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मतदानाच्या दिवशी शाळेत पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि पेटीवर त्याची निशाणी. कागद हवा त्या पेटीत टाकायचा. मी कुठल्या पेटीत टाकला ते सांगणार नाही. गुणाजी दिवसभर फाटकाबाहेर उन्हात, नियमाप्रमाणे लांब, शिडी न घेता उभा होता. लोक त्याच्याकडे न बघता आत जात होते. आमच्या चाळीचे तर मुद्दाम.

निकाल लागला. त्याची अनामत जप्त झाली. मिळाली ती मतं इतकी थोडी की ती फुटल्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. जीपवाल्याचं पेट्रोल फुकट गेलं.

जयवंत उंबऱ्यात बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होता. "मतदारांनी आपला कौल दिला आहे..."

बाहेर गॅलरीत गुणाजी वळकटीवर पडला होता. तो हसला. निवडणुकीच्या सगळ्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा हसताना ऐकलं. "तो पण डावाच," तो म्हणाला.

जयवंत पुढे वाचायला लागला. मी त्याच्या हातातलं पान खाली केलं.

"गुणाजी, 'तो पण' म्हणजे? आणखी कुठला डावा?"

तो उठून बसला. मग म्हणाला, "बुवांना बोलव. नारळ घ्या खाली."

सगळे जमले. गुणाजी आंघोळ करून आला, उंबऱ्याबाहेरच थांबला, आणि बुवांनी मान हलवली तेव्हा आत आला. नारळावर हात ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याची आमची रीत अशी, की एकाने देवापुढे एकेक वाक्य बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं.

"बा देवा महाराजा, तुझ्या पायाशी उभा राहून सांगतो. ती जीप कोणाची, माका ठाऊक नाय."

"व्हय महाराजा," तीनचार जण सवयीने म्हणाले.

"कोणाचं काही घेतलं नाय. कोणी कबूलही केलं नाय."

"व्हय महाराजा."

"मार्गशीर्षात तुका विचारलं, उभा राहू? तू डावा दिलास."

कोणी काही म्हणालं नाही.

"तरी मी उभा राहिलो. विहीर तुझ्या डोळ्यांपुढे नाय, माझ्या आहे. ह्यांना मी कौल लावून आलो एवढंच सांगितलं. कुठला, ते सांगितलं नाय. सांगितलं असतं तर आपल्यातलं एकही मत पडलं नसतं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. 'कौल लावून आलो.' शब्दाला शब्द खरं होतं. उजवा की डावा, हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. डावा कौल घेऊन कोणी उभा राहील, हे आमच्या मनातच येणं शक्य नव्हतं. मी पैशाची गळती शोधत होतो, आणि ती होती देवळात. पण त्याने लपवलं होतं, हेही खरंच.

बुवा म्हणाले, "म्हणजे तू पैसे खाल्ले नाहीस."

"नाय."

"देवाचा कौल मोडलास."

"व्हय."

"अरे मेल्या, पैसे खाल्ले असतेस तर बरं होतं. ते परत तरी करता आले असते."

जयवंतला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. बुवांनी नारळ उचलला, दोन्ही हातांत धरला, आणि शेवटी स्वतःच म्हणाले, "व्हय महाराजा." मग आम्ही सगळे म्हणालो.

ट्रंक त्याच दिवशी आत आली. पालखीच्या खांद्याचं काय ते देवालाच विचारायचं ठरलं.

"आणि त्याने पुन्हा डावा दिला तर?" गुणाजीने विचारलं.

"तर ह्या खेपेला ऐक," बुवा म्हणाले.

आमच्याकडे पालखी होळीनंतरही बरेच दिवस घरोघर फिरते, त्यामुळे उशिरा पोचलो तरी चालणार होतं. देवळात सगळा गाव जमला. गुणाजीची बायको सुगंधा मुलांना घेऊन खांबाशी उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. मार्तंड गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या. मी पुढे जाऊन उभा राहिलो होतो. माझं लक्ष त्याच्या बोटांवर होतं. डावी पाकळी त्याने तांब्यात नीट बुडवली. उजवीला नुसतं ओलं बोट लावलं. मला तरी तसं दिसलं. मी बुवांकडे बघितलं. बुवांनी डोळे मिटलेले होते, जरा जास्तच घट्ट.

उजवी पाकळी पडली.

मी कोणाला काही बोललो नाही. पालखी उठली आणि गुणाजी पुढच्या दांडीला लागला. दांडी खांद्याला नुसती टेकवून चालणारे पुष्कळ असतात, वजन मागचे घेतात. देवळापासून खाली उतरताना वाट फार उताराची आहे. मी त्याच्या शेजारून चालत होतो आणि बघत होतो. शिडीने सोललेल्या त्याच खांद्यावर त्याने दांडी घेतली होती, आणि वजन सगळं त्याच्यावर होतं.