दमलेला फोटॉन

एक्स-रेवाल्याला दवाखान्यात सगळे फोटॉनमास्तर म्हणायचे. तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या औषधात फिल्म धुण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती. शिक्षण बेताचंच. पण रेडिओवर कुणी पंडित एकदा सांगून गेला की फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या नि एक्स-रेच्या कणाचं, घड्याळ कायम थांबलेलं असतं, म्हणून तो कधी दमत नाही, आणि ते ह्याच्या डोक्यात कुसळासारखं रुतलं.

"घड्याळ नसलं म्हणून काय झालं? बैलाच्या गळ्यात कुठं घड्याळ असतं? दमतोच की!"

"मास्तर, आधी आपली लिफ्ट दमलीय, तिचं बघा," कंपाउंडर म्हणायचा.

मास्तरचं म्हणणं असं, की फोटॉनही दमतो आणि कधीकधी माणसाच्या अंगातच बसकण मारतो. किरण पोचला तिथं फिल्म काळी, नाही पोचला तिथं पांढरी. त्यामुळं कुठं विनाकारण पांढरा ठिपका दिसला की ह्याला पुरावा सापडायचा. रद्दीतल्या फिल्म घरी न्यायच्या, ठिपक्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढायचा, ट्रंकेत टाकायच्या. ऐकून घेणारी एकटी बायको. "दमतो तर दमू दे त्याला. तुम्ही जेवून घ्या."

गेल्या साली नवं मशीन आलं तेव्हा त्यानं तपासायला म्हणून तिच्याच छातीची फिल्म काढली. उजवीकडं वाटाण्याएवढा ठिपका. बाई धडधाकट, ना खोकला ना ताप. मास्तर हरखला. तिलाही कौतुकानं दाखवला. डॉक्टरांना दाखवावा हे मनातसुद्धा आलं नाही. त्यांच्याकडं जायच्या त्या रोग्यांच्या फिल्म, ही पुराव्याची.

यंदा ती खोकायला लागली. पुन्हा फिल्म काढली. ट्रेमध्ये ठिपका उमटला तो लिंबाएवढा, त्याच जागी. मास्तरचे हात औषधातच राहिले.

"आधीची एखादी फिल्म आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. पण तो घरी जाऊन ती घेऊन आला.

डॉक्टरांनी दोन्ही उजेडावर धरल्या. "हा लाल गोल कुणी काढला?"

"मीच."

"म्हणजे दिसलं होतं तुम्हाला." डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवल्या. "तेव्हा आणायची होतीत. आता उशीर झालाय."

बाहेर बाकावर बायको तोंडाला रुमाल लावून बसली होती. "काय हो, तुमचा फोटॉन दमलाय ना माझ्यात?"

"दमत नाही गं तो," मास्तर म्हणाला. "कधीच दमत नाही."

तिनं तोंडावरचा रुमाल खाली घेतला. "मग गेल्या साली ते पांढरं काय होतं?"