किरणच्या केसांना शाम्पू लावायचा नाही!

मी नणंदेचे केस धुतले आणि तिचं लग्न मोडता मोडता राहिलं.

झालं होतं ते एवढंच. पण आमच्या गावात, म्हणजे ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे येताना लागतं त्या गावात, ही गोष्ट सांगायला लोकांना अख्खी दुपार लागते आणि दर वेळी तिच्यात माझा मूर्खपणा थोडा थोडा वाढलेला असतो. म्हणून म्हटलं, आपणच एकदा सांगून टाकावी. होता तेवढाच मूर्खपणा पुरेसा आहे, वरून कुणी भर घालायची गरज नाही!

माझी नणंद किरण. पोरगी गुणाची, हसरी, धानाच्या रोवणीत भल्याभल्यांना मागे टाकणारी. केस मात्र कुरळे. कुरळे म्हणजे असे की कंगवा आत गेला की त्याचे दात आतच राहायचे! हे केस तिला आईकडून आले, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाईंनी जन्मभर स्वतःचे आणि लेकीचे केस टोळीच्या तेलात बुडवून, घट्ट वेणी घालून दाबून ठेवले होते. (टोळीचं तेल म्हणजे मोहाच्या बियांचं. गुणाला उत्तम, वासाबद्दल मी सून असल्यामुळे काही बोलत नाही.)

तर किरणला आरमोरीचं स्थळ आलं. मुलगा सागर, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्याचा फोटो आला आणि किरण दिवसभर घरात उगाचच इकडची भांडी तिकडे करत राहिली, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. तिकडेही किरणचा फोटो आवडला होता. आता दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत ते लोक प्रत्यक्ष पाहायला येणार होते. अडचण एकच होती. आमच्याकडून गेलेला फोटो मावसबहिणीच्या लग्नातला होता, आणि त्या दिवशी पार्लरवालीनं किरणचे केस इस्त्री फिरवून सुतासारखे सरळ केले होते.

"वयनी, त्यायले वाटन, आपन फसवलं!" किरण रडकुंडीला आली.

"मग पुन्हा इस्त्री करून घेऊ."

"अन् लगन झाल्यावर? रोज इस्त्री घेऊन फिरू का मी? हायेत तसेच दाखवाचे हायेत मले. पन चांगले दिसले पायजे न वो!"

चांगले दिसले पाहिजेत! हे वाक्य तिनं माझ्यासमोर बोलायला नको होतं. मी पडले बल्लारपूरची, शहरातली. (आमच्याकडे मोठं रेल्वे स्टेशन आहे, हे मी सासरी संधी मिळेल तेव्हा सांगते.) त्यात कुरळ्या केसांवरचे रील बघायचं मला व्यसनच लागलेलं. माझे स्वतःचे केस सरळ, झाडूच्या काड्यांसारखे. म्हणजे ज्ञान भरपूर होतं, फक्त प्रयोगाला डोकं मिळत नव्हतं.

"शाम्पू लावायचाच नाही," मी जाहीर केलं. "शाम्पूनं कुरळे केस कोरडे होतात, फुगतात. नुसत्या कंडिशनरनं डोकं चोळायचं, त्यानंच धुवायचं."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मंग तेल कसं निंगन?"

"निघतं तेही."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही. रीलमधल्या बाईनं डोक्याला तेल लावलेलंच नव्हतं! आणि आत्याबाईंनी, उद्या लेकीला पाहायला येणार म्हणून, आदल्या संध्याकाळी मोठ्या मायेनं वाटीभर टोळीचं तेल तिच्या डोक्यात जिरवलं होतं.

पाहुणे दुपारच्या एसटीनं येणार होते. सकाळी चहा झाल्याबरोबर मी किरणला अंगणातल्या न्हाणीत बसवलं आणि कंडिशनर ओतलं. चोळलं, धुतलं. केसांवरून पाणी असं घसरलं, जसं बदकाच्या पाठीवरून. पुन्हा ओतलं, पुन्हा चोळलं. आता तेल आणि कंडिशनर यांची घट्ट मैत्री झाली आणि दोघांनी मिळून डोकं सोडायचं नाही असं ठरवलं.

"वयनी, डोये झोंबून राह्यले!"

"थोडं सहन कर. सागरसाठी."

सागरचं नाव घेतलं की पोरगी गप्प बसायची. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. अख्खी बाटली संपली, वरची टाकी संपली, मग हंड्यातलं पाणी आणलं. आणि अखेर, बाप्पा, केस मोकळे झाले! एकेक बट अशी वळून आली की मीच तोंडात बोट घालून बसले. किरणचे डोळे मात्र लालभडक, आणि त्यांतून पाण्याच्या धारा.

आता केस टॉवेलनं पुसायचे नसतात. मऊ सुती कापडात बांधायचे असतात. घरात मऊ सुती कापड एकच होतं, मामाजींची जुनी पांढरी बनियन. (मामाजी म्हणजे माझे सासरे. विचारायला वेळ नव्हता.) ती मी किरणच्या डोक्याला गुंडाळली.

तेवढ्यात मामाजी हातपाय धुवायला न्हाणीत आले. न्हाणीच्या दगडावर बाटलीभर कंडिशनर आणि वाटीभर तेल सांडलेलं. मामाजींचा एक पाय पूर्वेला गेला, दुसरा पश्चिमेला, आणि ते धपकन पाण्यात बसले!

"अरे देवा! मेलो वो मेलो!"

लागलं काही नव्हतं, कंबर थोडी लचकली. पण धोतर, सदरा, टोपी, सगळं भिजलं. आता मामाजींच्या टोपीबद्दल एक सांगायला हवं. टोपीखाली एकही केस नाही, आणि ते गावाला सोडा, आम्हालाही फारसं माहीत नव्हतं! टोपी दोरीवर वाळत पडली. मामाजी कोरं पांढरं धोतर नेसून, उघड्या चकचकीत डोक्यानं ओसरीवरच्या खाटेवर कंबर धरून बसले आणि कण्हू लागले.

मी घाबरले, पण आत्याबाईंचं लक्ष नवऱ्याकडे नव्हतंच. त्या लेकीच्या बनियनमधून बाहेर आलेली एक वळणदार बट निरखत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मनीषा, माह्याबी डोक्शाले लावून देतं का थोडं?"

साठीच्या बाईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या केसांसाठी काही मागितलं होतं. मला इतकं भरून आलं की मी बाटली उलटी करून, आपटून, उरलंसुरलं त्यांच्या डोक्यावर काढलं. त्यात माझेही केस भिजले, पदर भिजला, सगळी मीच भिजले.

तर पाहुणे येण्याआधीचं आमचं घर असं होतं. ओसरीवर तिघी बायका, ओलेचिंब, माना खाली. दोघींचे केस मोकळे. (केस वाळेपर्यंत मान हलवायची नाही, बोलायचं नाही, नाहीतर बटा विस्कटतात, अशी मी सक्त ताकीद दिलेली.) तिसरीच्या डोक्याला पांढरं कापड, डोळे सुजलेले. खाटेवर तुळतुळीत डोक्याचा माणूस, पांढऱ्या धोतरात, "अरे देवा" म्हणत कण्हतोय. आमचे हे पाहुण्यांना आणायला एसटी स्टँडवर गेलेले.

आणि पाहुणे एसटीनं आलेच नाहीत. ते काळीपिवळी जीपनं, वेळेच्या बरेच आधी, थेट आमच्या फाटकाशी उतरले.

सागर, त्याची आई आणि त्याचे मामा. तिघं फाटकातच थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. सागरच्या आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मामांनी चपला लांबच काढल्या. राम राम नाही, नमस्कार नाही, एक शब्द नाही. तिघं येऊन सतरंजीच्या कोपऱ्यावर मुकाट्यानं बसले.

मला वाटलं, संपलं सगळं. पाहिल्या यांनी बनियनमधून लोंबणाऱ्या बटा! फोटोतली सरळ केसांची पोरगी कुठे आणि ही कुठे! आता तोंडसुद्धा उघडायला तयार नाहीत.

मी पाण्याचे ग्लास आणले. सागरच्या आईनं हात जोडले. "नोको बाई. आज पानी नोको."

पाणीसुद्धा घेईनात! किरणच्या डोळ्यांतून आता खरे अश्रू यायला लागले. ते पाहून सागरची आई उठली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "रडू नोको मायबाई. जे झालं ते झालं. आपल्या हाती काय रायते?"

किरण हुंदके देत म्हणाली, "मी तं पयलेच म्हटलं होतं, सांगून टाका म्हनून."

"कोन सांगन वो? मन धजत नाई."

मी मनात म्हटलं, केवढ्या समजूतदार बाई! नकार द्यायचा तोही किती मायेनं! मला स्वतःचा इतका राग आला की ती कंडिशनरची बाटली समोर असती तर मीच ती माझ्या डोक्यात घातली असती. एका चांगल्या पोरीचं चांगलं स्थळ मी घालवलं होतं.

मामाजी कण्हले. सागरचे मामा त्यांच्याजवळ सरकून म्हणाले, "धीर धरा भाऊ. तुमीच असे खचले तं बायायनं कोनाकडं पाहाचं?"

"एकदम झालं हो," मामाजी कंबर चोळत म्हणाले. "पाय ठेवला अन् गेलो. काई समजलंच नाई."

मामांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि मान हलवली.

एवढ्यात फाटक धाडकन उघडलं. आमचे हे! हातात जिलेबीचा भलामोठा पुडा, चेहरा फुललेला.

"आरं, तुमी इथी? अन् मी स्टँडवर वाट पाहून राह्यलो! घ्या घ्या, गरम जिलेबी घ्या! आज काय, आनंदाचा दिवस!"

सागरचे मामा ताडकन उभे राहिले. "भाऊ! काई लाज? घरात माती झाली अन् जिलेबी वाटून राह्यले?"

"माती? कोनाची माती?"

"आमाले काऊन विचारता? तुमीच सांगा, कोन गेलं?"

यांच्या हातातला पुडा खाली आला. यांनी ओसरीवर एक नजर टाकली. आईचे ओले मोकळे केस, बहिणीच्या डोक्याला पांढरं कापड, बापाचं कधीही न पाहिलेलं तुळतुळीत डोकं. आणि हे मोठ्यानं ओरडले, "बाबाआआ!"

"बोंबलू नोको," मामाजी खाटेवरून म्हणाले. "मी इथीच हाओ."

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे सगळं घर एकाच वेळी डोक्यावरून पाणी घेतं ते एकाच कारणानं, कुणाला माती देऊन आल्यावर! त्यात घरधन्याचं डोकं मुंडन केल्यासारखं, आणि बाहेर दोरीवर टोपी. सुतकाच्या घरी राम राम करत नाहीत, पाणी घेत नाहीत, लग्नाची गोष्ट तर काढतच नाहीत. बिचारे नकार द्यायला नव्हते बसले, दुःखात सामील व्हायला बसले होते!

"कोणी नाही गेलं!" मी ओरडले. "केस धुतले हो फक्त! केस!"

"सगळ्याइनं?" मामांनी मामाजींच्या डोक्याकडे पाहत विचारलं.

"ते पडले फक्त."

"केस पडले?"

"मामाजी पडले!"

पहिल्यांदा हसला तो सागर. तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. मग त्याची आई, मग मामा, मग तर आत्याबाई बटाबिटा विसरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. एकटी किरण हसली नाही. तिनं डोक्याची बनियन सोडली आणि सरळ सागरकडे पाहिलं.

"फोटोत इस्त्री केली होती. माहे केस असे हायेत. आंधीच सांगून देतो."

ते केस, काय सांगू, बनियनमधून सुटून खांद्यावर पसरले होते आणि इतके देखणे दिसत होते की मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

सागर म्हणाला, "बरं झालं जी. फोटो पाहून मले टेन्शन आलं होतं. म्हटलं, हिले रोज आरशासमोरून उठवाचं कसं?"

किरण लाजली. सागरच्या आईनं एक बट बोटावर गुंडाळून पाहिली आणि म्हणाली, "मनीषाबाई, पानी आना आता."

पाणी झालं, जिलेबी झाली, तिथेच पसंतीही झाली. निघताना सागरच्या आईनं माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, कौतुक करणार.

"तुमच्याकडून आमाले काईच नाई पायजे," त्या म्हणाल्या. "फक्त लगनाच्या दिवशी नवरीचं डोक्सं तुमी धुऊ नोका."

मी हसले. मला वाटलं, गंमत. पण आत्याबाईंनी ते मनावर घेतलं. हळदीच्या दिवशी नवरीला न्हाऊ घालायचा पहिला मान वहिनीचा, म्हणजे माझा. मी नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून, तांब्या घेऊन पुढे झाले. आत्याबाईंनी तांब्या माझ्या हातातून काढून शेजारणीला दिला. पाच सवाष्णींनी नवरीला न्हाऊ घातलं. मी सहावी. मला पाण्याच्या मोटारीच्या बटणापाशी उभं केलं होतं, आणि ते बटणही मी चुकीचं दाबू नये म्हणून माझ्याजवळ मामाजींना बसवलं होतं!